एकेचाळीस कापडं

अरुणाताई मगदूम रागावल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून त्यांची चौतीस वर्षं गेली. तिथं ओरडायचं काम बाळंतिणींचं, सिस्टरनं आपलं हळू आणि नेमकं बोलायचं. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी सकाळी दहा वाजता राजारामपुरीतल्या हॉलच्या दारात उभ्या राहून त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे कुणी केलं?" त्यांच्या हाताखालची एखादी जुनी नर्स तिथं असती तर तिनं काढता पाय घेतला असता. पण समोर होती मोना, मंडळाच्या अध्यक्षांची सून, आणि तिला ते कौतुक वाटलं.

"मीच की," मोना म्हणाली. "एकदम आफ्रिकन वाटतंय न्हवं?"

दिसायला छान दिसत होतं, खोटं कशाला बोला. स्टेजच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चुण्या घालून कापडं टाचली होती. केशरी, निळी, मातकट, कशावर पानं, कशावर कोंबड्या, कशावर मोठाली वर्तुळं. मधोमध थर्माकोलमधून कापलेला आफ्रिकेचा नकाशा आणि वर फलक, 'हातभार मंडळ, कोल्हापूर. चला, आफ्रिकेतल्या एका गावाला छप्पर देऊया.' उरलेली दोन कापडं स्टेजच्या पायऱ्यांवर अंथरली होती आणि त्यांच्यावर मांडववाल्यांच्या चपलांचे ठसे उमटले होते.

ती कापडं शोभेची नव्हती. ती कुणाला तरी द्यायची होती, आणि कुणाला द्यायची हे त्या हॉलमध्ये अरुणाताईंएवढं कुणालाच माहीत नव्हतं.

आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे, त्यात चिम्वाला नावाचं एक खेडं. निवृत्त झाल्यापासून अरुणाताई दरवर्षी दोन महिने तिथं जाऊन बायकांना बाळंतपणाचं काम शिकवत. मंडळ त्यांनी आणि आताचे अध्यक्ष विजयसिंह यांनी मिळून काढलं. काम अरुणाताईंचं, ओळखी विजयसिंहांच्या. विजयसिंहांचं गाड्यांचं शोरूम, त्यामुळे कोल्हापुरात त्यांना ओळखत नाही असा पैसेवाला माणूस नाही. पैसे ते जमवत, स्वयंसेवक अरुणाताई शोधत, आणि या दोन्हींत अवघड काम दुसरं. जाहिरात दिली की पोरांच्या रांगा लागत आणि पहिला प्रश्न असे, सिंह दिसतात का.

चिम्वालात बाळंतपणाला खोली नव्हती. दवाखाना चौदा किलोमीटर लांब आणि वाट पायी. गेल्या मार्चात तामांडा नावाची बावीस वर्षांची मुलगी त्या वाटेवरच गेली, पोटातल्या बाळासकट. तिची आई एस्नात ही गावातल्या बायकांच्या गटाची पुढारी. मुलीला पुरलं आणि महिन्याभरात एस्नातनं बायका गोळा करून विटा पाडायला घेतल्या. बायकांनीच विटा भाजल्या आणि चिखलात रचून खोलीच्या भिंती उभ्या केल्या. राहिलं होतं छप्पर. तिकडचा पाऊस नोव्हेंबरात लागतो. त्याआधी पत्रे चढले नाहीत तर चिखलात रचलेल्या भिंती बसणार आणि पुढची बाई पुन्हा त्याच वाटेनं चालत निघणार. ते पत्रे आणि सहा आठवडे जायला तयार झालेल्या गारगोटीच्या दोन नर्सा, एवढ्यासाठी आजचा कार्यक्रम होता.

आता कापडांचं. जुलैत वेदगंगेला पूर आला तेव्हा मुरगूडच्या पलीकडची एक वस्ती पाण्याखाली गेली. म्हशीचं दावं सोडायला केरबा नावाचा माणूस मागं फिरला, त्याच्यावर गोठा पडला आणि माणूस आणि म्हैस दोन्ही गेले. त्याची बायको बायडाबाई अरुणाताईंच्या ओळखीची. तिच्या दोन्ही मुली अरुणाताईंच्याच वॉर्डात जन्मल्या. एस्नातशी फोनवर बोलता बोलता अरुणाताईंनी हे सहज सांगितलं. एस्नातनं विचारलं, पाण्यानं किती घरं गेली? एकेचाळीस, अरुणाताई म्हणाल्या, आणि विसरून गेल्या. एस्नात विसरली नाही. सप्टेंबरात अनेकांत नावाचा मंडळाचा स्वयंसेवक, जयसिंगपूरचा इंजिनिअर, चिम्वालातलं काम उरकून परत आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन पिशव्या होत्या आणि पिशव्यांत एकेचाळीस कापडं. तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात ती. प्रत्येक बाईनं आपल्या घरातलं एक काढून, धुऊन, घडी घालून दिलं होतं. त्या गावची रीत अशी की कुणाच्या घरी माणूस गेलं, नाहीतर घरच गेलं, की बायका कापड घेऊन जातात, त्या घरच्या बाईच्या खांद्यावर घालतात आणि तिच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. बोलायचं काही नसतं. सगळ्यांत वरचं निळं, पिवळ्या माशांचं कापड एस्नातचं स्वतःचं होतं आणि त्याला टाचणीनं चिठ्ठी लावली होती, इंग्रजीत फक्त 'बायडा' एवढंच लिहिलेली.

पिशव्या मंडळाच्या ऑफिसात ठेवल्या. यादी करू, मग रीतसर वाटू, असं विजयसिंह म्हणाले. महिना गेला. एस्नातनं फोनवर दोनदा विचारलं, कापडं पोचली का, आणि अरुणाताईंनी दोनदा थाप मारली की पोचली. आणि आज ती कापडं इथं होती, भिंतीला.

विजयसिंह हारांच्या टोपल्यांशी उभे होते. अरुणाताईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि कापडं उतरवायला सांगितलं. ते हसले. कार्यक्रम झाला की लॉन्ड्रीत टाकून, इस्त्री करून वाटू की, म्हणाले. अरुणाताई हलेनात तेव्हा मात्र त्यांच्या मनातलं बाहेर आलं.

"ताई, स्पष्टच बोलतो. ती वापरल्याली कापडं हायत. आणि आपुन देणारी माणसं हाय. उद्या पेपरात आलं की आफ्रिकेतल्या खेड्यानं कोल्हापूरला कापडं धाडली, तर आपली काय अब्रू ऱ्हायली? देणाऱ्यानं घ्यायला सुरुवात केली की लोक पाकिटं खिशात घालत्यात."

वापरलेली कापडं! अरुणाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मंडळाच्या पहिल्या वर्षी याच माणसानं तीन पोती भरून चिम्वालाला काय पाठवलं होतं? जरीचे काठ उसवलेली लुगडी, शाळेच्या गॅदरिंगमधले मावळ्यांचे अंगरखे आणि कोपरावर विरलेला स्वतःचा कोट. त्या बायकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं होतं आणि वर नाच करून दाखवला होता. त्या नाचाचा व्हिडिओ मंडळ अजून प्रत्येक कार्यक्रमात लावतं.

त्या हे बोलणार एवढ्यात विजयसिंहांनी हुकमाचा पत्ता टाकला. फाउंड्रीवाले गणपतराव येणार होते. संपूर्ण छप्पर आपल्या आईच्या नावानं देतो, असा त्यांचा शब्द होता, आणि तो ते आज स्टेजवरून जाहीर करणार होते. नोव्हेंबर तीन आठवड्यांवर आला होता. आता तमाशा करायचा का छप्पर घ्यायचं, ते ताईंनी ठरवावं.

अरुणाताईंनी ठरवलं. राग गिळला आणि पायऱ्यांवरची दोन कापडं तेवढी उचलून, झटकून, पिशवीत घातली. सगळा आयुष्यभराचा धंदाच तो, समोरच्या बाईचं बाळंतपण सुखरूप होईस्तोवर आपलं काही मधे आणायचं नाही. पण आत खदखदत होतंच.

कार्यक्रम सुरू झाला. विजयसिंहांनी एक कल्पना काढली होती. पूरग्रस्त भगिनीच्या हस्ते आफ्रिकेला मदत. म्हणून बायडाबाईला मुद्दाम बोलावलं होतं. अरुणाताईच तिला सकाळी गाडीतून घेऊन आल्या होत्या. आपलं घर वाहून गेलेलं असताना ही माउली परदेशातल्या गरिबाला मदत करते, असं निवेदक सांगणार आणि ती पाकीट देणार. पाकीट मोनानं आधीच भरून तिच्या हातात ठेवलं होतं. बायडाबाईला यातलं निम्मंअर्धं कळलं होतं. ती पहिल्या रांगेत अरुणाताईंशेजारी पदर सावरून बसली होती आणि स्टेजकडे बघत होती. निवेदक गणपतरावांच्या दानशूरपणावर बोलत होता.

"आक्का," बायडाबाईनं हळूच विचारलं, "ही लुगडी कुणाची म्हणायची?"

लुगडी म्हणावं असं त्या कापडांत काही नव्हतं. पण बाईच्या अंगावरचं वस्त्र बाईला ओळखू आलं. अरुणाताईंना थाप मारता आली असती, महिनाभर मारतच होत्या. पण या बाईच्या तोंडावर त्यांना ते जमलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. कुठून आली, कुणी दिली, कुणासाठी दिली आणि तिकडची रीत काय. ते मधलं निळं तुझं, म्हणाल्या. केरबा गेला म्हणून.

निवेदक ऐकेल याची फिकीर न करता बायडाबाई आपल्या नेहमीच्या शेतातल्या आवाजात बोलली.

"मंजे दुखवटाच की ह्यो. माज्या मालकाचा दुखवटा मांडवाला बांधलाय व्हय?"

मागच्या दोन रांगांनी ते ऐकलं. दुखवटा म्हणजे काय हे कोल्हापुरात कुणाला सांगायला लागत नाही. माणूस गेलेल्या घरी सोयरेधायरे कापड घेऊन जातात. ते कापड त्या घरानं नेसायचं असतं आणि सुतक तिथं सरतं. ते नाकारत नाहीत, दुसऱ्याला देत नाहीत आणि मांडवाला तर शत्रूसुद्धा बांधणार नाही. अरुणाताई सात वर्षं त्या गावात जात होत्या, ती रीत त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, पण हा शब्द त्यांना सुचला नव्हता. कागदोपत्री त्या त्याला 'तिकडून आलेलं साहित्य' म्हणत होत्या.

त्या उठल्या आणि सरळ स्टेजवर गेल्या. निवेदकाला वाटलं ताई दोन शब्द बोलणार, त्यानं माईक पुढं केला. त्यांनी माईककडे बघितलंही नाही. भिंतीशी जाऊन टाचण्या उपटायला लागल्या. थर्माकोलचा नकाशा खाली पडून दोन तुकडे झाला. गारगोटीच्या दोन्ही नर्सा धावत आल्या. ताईंना चक्कर आली की काय म्हणून आल्या होत्या, पण काय चाललंय ते बघून त्यांनीही हात घातला. पाच मिनिटांत भिंत उघडी पडली. मागं हॉलचा जुना, ओल आलेला पिस्त्या रंग होता आणि त्याच्यावर कुठल्यातरी लग्नातली 'चि. सौ. कां.' एवढी अक्षरं चिकटून राहिली होती. लोक हसले. विजयसिंहांनी घाईनं चहाची सुट्टी जाहीर केली.

बाहेरच्या व्हरांड्यात अरुणाताई पिशव्यांपाशी बसल्या. श्वास लागला होता आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. त्यांनी निळं कापड शोधून काढलं. टाचण्यांनी त्याला जागोजाग भोकं पडली होती आणि चिठ्ठी गायब होती. ते त्यांनी बायडाबाईच्या मांडीवर ठेवलं. तेवढ्यात विजयसिंह आले. ते रागावलेले नव्हते, उलट समजूत घालायच्या सुरात होते. गणपतराव अजून बसलेत, म्हणाले. पण त्यांनी विचारलंय की हे मंडळ देणारं आहे का घेणारं, ते आधी ठरवा. कापडं परत लावली तर पंधरा मिनिटांत छप्पर जाहीर होतंय. चहा संपेपर्यंत वेळ आहे.

ते आत गेले. अरुणाताई बसून राहिल्या. छप्पर म्हणजे छप्पर. उपटलेल्या टाचण्या परत टोचायला कितीसा वेळ लागतो? चौदा किलोमीटर चालणाऱ्या बाईला भिंतीला काय टाचलं होतं याच्याशी काय करायचंय? त्या उठणारच होत्या.

बायडाबाई माशांवरून हात फिरवत होती. कापड नाकाशी नेऊन तिनं वास घेतला. "ह्या बाईचं बरं हाय का समदं?" तिनं विचारलं.

अरुणाताईंनी तामांडाचं सांगितलं. मार्चात. वाटेवर. पोटातल्यासकट.

"मंजे त्येंच्यातलं आधी गेलं," बायडाबाई म्हणाली. "मग तवा आपण काय नेलतं?"

अरुणाताईंना प्रश्न कळला नाही.

"दुखवट्याला. तुमी गेलता न्हवं तवा? काय नेलतं?"

त्या गेल्या होत्या. एप्रिलात, तामांडा जाऊन पुरते तीन आठवडे झाले नव्हते. एस्नात अजून जमिनीवर झोपत होती. अरुणाताईंनी नेलं होतं काय? वजनकाटा, हातमोजे आणि कॅमेरा. बाळंतपणाच्या खोलीसाठी पैसे जमवायचे तर माहितीपत्रकाला फोटो लागणार होता. त्यांनी एस्नातला अंगणात उभं केलं होतं आणि मुलीचा फोटो छातीशी धर म्हटलं होतं. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून तोंड जरा इकडं कर, असंही म्हटलं होतं. विजयसिंहांनी नव्हे. मोनानं नव्हे.

"काही नाही नेलं," त्या म्हणाल्या. "फोटो काढला तिचा."

बायडाबाईनं तिच्याजवळची निमंत्रणपत्रिका उलटून बघितली. मागच्या बाजूला एस्नात होती, ऊन डोळ्यांवर न आलेली. बायडाबाईनं ती पुन्हा उलटी करून ठेवली. मग निळ्या कापडाची जुन्या मोडीवरच घडी घातली आणि ते अरुणाताईंच्या मांडीवर परत दिलं.

"मग ह्ये मी कसं घिऊ, आक्का? त्येंचं पैलं गेलं, त्येंचा दुखवटा पैला. तुमी जाशीला तवा माजं एक लुगडं घिऊन जावा. पुरात फुकट मिळाल्यालं न्हाय देणार, इकत आणतो. आन त्या बाईला सांगा, तुजं कापड ठिवलंय. तुजं झालं की मी नेसतो."

सकाळपासून विजयसिंहांना मनातल्या मनात घातलेल्या सगळ्या शिव्या त्यांना आता आपल्यालाच पुरवून वापरायच्या होत्या. एवढी रागीट बाई, पण असा राग त्यांना कधी आला नव्हता. कुणावर काढायचा हे इतकं स्वच्छ माहीत असलेला राग.

चहा संपून लोक आत बसत होते. अरुणाताई पुन्हा स्टेजवर गेल्या आणि या वेळी त्यांनी माईक घेतला. मागं कापडं नव्हती, पिस्त्या भिंत होती. पहिल्या रांगेत गणपतराव भाषण लिहिलेला कागद घेऊन बसले होते.

"छपराचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी दोन गोष्टी ऐका. तिकडच्या एकेचाळीस बायकांनी आपल्या पूरग्रस्त बायकांना दुखवटा पाठवला आणि आपण तो इथं मांडवाला बांधला. ही एक. दुसरी माझी. मार्चात त्यांच्यातल्या एकीची तरणी पोर गेली. तेव्हा तुमच्यातर्फे मी त्या घरी गेले होते, आणि कॅमेरा घेऊन गेले होते. तुमच्या हातात ती पत्रिका आहे. तिच्यावरच्या बाईचा फोटो मी तिच्या दुखवट्यात काढलाय, आणि उन्हाकडं तोंड करू नको म्हणून तिला सांगून काढलाय."

मग गणपतराव उठले. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्यांच्यामागोमाग दोन रांगा उठल्या आणि त्यांना अडवायला विजयसिंह दारापर्यंत धावले. एकरकमी छप्पर त्या दारातून बाहेर गेलं, हे अरुणाताईंनी बघितलं. पण थांबल्या नाहीत. म्हणाल्या, आज मी देणगी मागत नाही. दुखवट्याला कुणी पाकीट नेत नाही. खोलीला सत्तर पत्रे लागतात. ज्याला त्या घरी दुखवट्याला यायचंय त्यानं घरटी एक पत्रा द्यावा आणि आपल्या घरच्या गेलेल्या माणसाचं नाव लिहावं. फोटो निघणार नाही. सत्कार होणार नाही. ज्याला नसेल यायचं त्यानं जावं.

आणखी काही जण गेले. उरलेले चुळबुळत एकमेकांकडे बघत होते. पहिलं कोण उठणार याची कोल्हापुरात नेहमीच पंचाईत असते.

बायडाबाई स्टेजच्या पायऱ्या चढून आली. मोनानं दिलेलं पाकीट तिनं टेबलावर ठेवलं, ते तुमचंच हाय म्हणाली, आणि गारगोटीच्या एका नर्सनं नावं लिहायला उघडलेल्या वहीकडे बोट केलं.

"माजा एक लिवा. गोठ्याचं पत्रं पडूनच हायत. त्यातला बरा बघून देतो."

मुरगूडचा पत्रा मलावीला जात नाही, ही साधी गोष्ट नर्स सांगायला लागली होती. अरुणाताईंनी तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि वहीत पहिलं नाव लिहिलं, केरबा.